काठीची बातमी किती नजरांखालून जाते?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी हे गाव आहे. तिथली राजवाडी होळी दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते. ती बातमी छापून येईपर्यंत कोणाकोणाच्या हाताखालून जाते, हे पाहिले की व्यवस्थापनाच्या नव्या टुमींनी संपादनाचे काय केले तेही कळते.

सुरुवात वार्ताहरापासून होते. तालुक्याचा वार्ताहर बहुधा मानधनावर काम करतो आणि मोबाइलवरूनच मजकूर धाडतो. त्याची पहिली अडचण वेळेची. काठीची होळी पेटते पहाटे आणि जिल्ह्याचे पान छपाईला जाते आदल्या रात्री. रात्री आलेल्या मजकुरात ‘होळी पेटली’ असे असेल, तर ते अजून घडायचे असते.

ही विसंगती पकडायची उपसंपादकाने. क्रियापद बदलायचे की बातमी एक दिवस थांबवायची, हे तो ठरवतो. गाव आणि तालुका पडताळतो: काठी अक्कलकुव्यात, तर धडगाव शेजारच्या अक्राणी तालुक्यात. होळीसाठी व्रत पाळणाऱ्या बावा-बुध्यांना कोणी ‘वेशभूषा केलेले कलाकार’ लिहिले असेल, तर ते दुरुस्त करतो. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, आणि मथळा त्यानंतर.

मग पान जाते मुद्रितशोधकाकडे. बातमी त्याने लिहिलेली नसते, म्हणून तिच्यातली चूक त्याला चटकन दिसते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ चे लेखननियम त्याला तोंडपाठ असतात. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने उपसंपादकाबरोबर मुद्रितशोधकालाही श्रमिक पत्रकार मानले, ते या कामाचे मोल ओळखूनच.

या साखळीला पहिला धक्का संगणकाने दिला. पूर्वी पान जुळवणारी माणसे वेगळी असत. क्वार्क एक्सप्रेस, इनडिझाइन ही पानमांडणीची सॉफ्टवेअर आली आणि पान लावणे उपसंपादकाच्या गळ्यात पडले. जो वेळ वाक्यावर जायचा, तो चौकटी बसवण्यात जाऊ लागला. पाठोपाठ ‘संगणक आहेच’ म्हणत अनेक ठिकाणी मुद्रितशोधकाची जागा रद्द झाली. पण मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शब्द बरोबर असतात. त्या जागी कोणता हवा, हे अर्थ लावणाऱ्यालाच कळते.

पुढची टूम केंद्रीकरणाची. अनेक जिल्ह्यांची पाने दूरच्या एकाच शहरातल्या डेस्कवर तयार होऊ लागली. पानाचा साचा आधी ठरतो, शब्दसंख्या आधी ठरते, मजकूर नंतर ओतला जातो. खर्च वाचतो हे खरे. पण काठी माहीत असलेला माणूस त्या खोलीत नसतो. न कापण्याजोगे वाक्य नेमके तिथेच कापले जाते.

नंतर आले ‘डिजिटल फर्स्ट’, म्हणजे बातमी आधी संकेतस्थळावर. खरे तर पहाटे पेटणाऱ्या होळीला संकेतस्थळ सोयीचे, कारण तिथे रात्रीच्या छपाईची अट नाही. पण दिवसाला अमुक बातम्या आणि अमुक वाचकसंख्या असे लक्ष्य लागले की आधी प्रसिद्धी आणि मग तपासणी, असा क्रम होतो. मथळाही माहितीऐवजी क्लिकसाठी लिहिला जातो. ही ओढ जगभरची आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१७ मध्ये मजकूर तपासणारा स्वतंत्र कॉपी डेस्क मोडीत काढला, तेव्हा तिथले पत्रकार निषेधासाठी रस्त्यावर उतरले होते.

या प्रत्येक बदलात एकेक नजर कमी झाली. मोठ्या शहराबद्दल चुकले तर लगेच फोन येतात. सातपुड्यातल्या काठीसारख्या गावाबद्दल चुकले तर ती चूक कात्रणात राहते आणि पुढच्या वर्षी संदर्भ म्हणून पुन्हा छापली जाते.

नवे तंत्र टाळावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक जिल्ह्यामागे तो जिल्हा पायाखालचा असलेला एक उपसंपादक डेस्कवर हवा. गावे, तालुके, सण आणि मानकरी यांची पक्की यादी त्याच्या हाताशी हवी. शंका आली तर वार्ताहराला फोन लावण्याइतकी सवड हवी. आणि पान सोडण्याआधी, ते न लावलेल्या माणसाने एकदा वाचायला हवे. या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही. काठीच्या वाचकालाही अचूक बातमीचा तेवढाच हक्क आहे, एवढे मान्य करावे लागते.