वाढत्या मापाची मोटरसायकल नको!

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घ्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलं. यंदा बाह्या दुमडायच्या, पुढच्या वर्षी उसवायच्या. लहान मुलाच्या पहिल्या मोटरसायकलला मात्र हा हिशेब अजिबात लागू पडत नाही. चार-पाच वर्षांचं पोर गादीवर बसलं की दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, आणि तेही आज! 'दोन वर्षं पुरेल' म्हणून घेतलेल्या गाडीवर मूल पहिल्याच दिवशी घाबरतं, आणि एकदा बसलेली भीती जाता जात नाही.

चार वर्षांच्या मुलाला मोटरसायकल कसली, असं वाटलं असेल तर थांबा. अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलियात या चिमुकल्या गाड्यांची मोठी दुनिया आहे. सगळी रस्त्याबाहेरची, मातीच्या ट्रॅकवरची. तिच्यातल्या या काही गंमतशीर गोष्टी.

बागेतून बाहेर पडलेली होंडा

होंडाची जगप्रसिद्ध 'मंकी' मुळात विकायची गाडी नव्हतीच. टोकियोजवळ 'तामा टेक' नावाची मनोरंजन बाग होती. तिथे मुलांना चालवायला म्हणून 1961 मध्ये पाच इंची चाकांची, 49 सीसीची ही गाडी बनवली. मुलांपेक्षा मोठ्यांनाच ती जास्त आवडली आणि थोड्याच वर्षांत ती परदेशी बाजारात गेली.

आपल्याकडची अशीच आठवण म्हणजे 1973 च्या 'बॉबी' सिनेमातली छोट्या चाकांची राजदूत. अजूनही लोक तिला 'बॉबी'च म्हणतात. पण तिच्या ठेंगण्या अंगाला भुलू नका, इंजिन 175 सीसीचं होतं. गाडी बुटकी आहे म्हणून ती मुलांची होत नाही. जुनी हौसेची गाडी पोराच्या हातात देऊ पाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

एका स्क्रूची करामत

या दुनियेतली खरी राणी म्हणजे यामाहाची पीडब्ल्यू 50. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती आली आणि थोड्याफार फरकाने आजही बनते आहे. सीटची उंची पन्नास सेंटीमीटरच्याही आत, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल एवढी. गिअर नाहीत. दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात. मागच्या चाकाला चेन नाहीच, बंदिस्त शाफ्ट आहे. त्यामुळे बुटाची नाडी किंवा बोट अडकायचा प्रश्नच येत नाही.

पण तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे उजव्या मुठीजवळचा एक छोटा स्क्रू. तो आत पिळला की मूठ थोडीच फिरते, मग पोराने कितीही जोर लावला तरी गाडी रांगतच चालते. मूल सरावलं की आई-बाबांनी स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि थोडा सैल करायचा. पुढच्या महिन्यात आणखी थोडा. गाडी तीच, पण मुलाच्या धिटाईबरोबर तिचा वेग वाढत जातो. मुलांची गाडी बघायला गेलात तर दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: वेग बांधून ठेवायची सोय आहे का?

क्लच दाबायची कटकटही या गाड्यांत नसते. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा ते चाकाशी जोडलेलंच नसतं. वेग वाढला की आतल्या पट्ट्या फिरण्याच्या जोराने बाहेर फेकल्या जातात, ड्रमला घट्ट धरतात आणि गाडी पुढे सरकते. आपल्या ॲक्टिव्हात हेच तत्त्व आहे. होंडाची सीआरएफ 50 याच्या एक पायरी पुढे जाते. तिला तीन गिअर आहेत, पण क्लच आपोआप चालतो. सीट साधारण 55 सेंटीमीटरवर आणि वजन पन्नास किलोच्या आसपास.

मूठ सुटत का नाही?

नवशिक्या मुलाचा सगळ्यात नेहमीचा अपघात बघा. मूल मूठ जरा जास्त पिळतं. गाडी झटक्यात पुढे जाते, त्यामुळे अंग मागे पडतं. अंग मागे पडलं की तोल सावरायला मूल हँडल आणखी घट्ट धरून स्वतःकडे ओढतं. त्या ओढण्याने मनगट खाली वळतं आणि मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे मूल जितकं घाबरतं, तितकी गाडी जोरात पळते! 'सोड, सोड' असं बाबा ओरडत असतात, पण त्या क्षणी सोडण्याची बुद्धीच होत नाही.

त्यावर एक छान उपाय आहे. मनगटाला बांधायची दोरी आणि तिच्या टोकाला इंजिन बंद करणारं बटण. मूल पडलं किंवा मागे ओढलं गेलं की दोरी निघते आणि इंजिन बंद. काही पालक दोरीचं दुसरं टोक आपल्याच हातात ठेवून गाडीमागे धावतात. त्या आई-बाबांना माझा मनापासून नमस्कार!

किलोचा हिशेब

पाच वर्षांच्या मुलाचं वजन साधारण अठरा किलो. पीडब्ल्यू 50 चं चाळीस. म्हणजे पहिली गाडी मुलाच्या दुपटीहून जड! पडली तर ती मुलाला उचलता येत नाही, मोठं माणूस सतत जवळ लागतं.

म्हणूनच आता विजेच्या गाड्यांनी धमाल उडवली आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टेसिक कंपनीच्या सगळ्यात छोट्या गाडीची सीट जमिनीपासून जेमतेम 33 सेंटीमीटरवर असते आणि वजन आठ किलोच्या आसपास. पडली तरी पोर स्वतः उचलून परत बसतं. ही कंपनी 2019 मध्ये चक्क हार्ले-डेव्हिडसनने विकत घेतली. सगळ्यात दणदणीत गाड्या बनवणाऱ्यांनी तीन वर्षांच्या गिऱ्हाइकांसाठी पैसे मोजले! आपल्या हीरोनेही 'विदा' नावाखाली मुलांची विजेची गाडी आणली आहे. तिची उंची तीन टप्प्यांत वाढवता येते. वाढत्या मापाची हौस भागवायचीच असेल तर ती अशी.

त्याआधीची पायरी म्हणजे पेडल नसलेली बॅलन्स सायकल. तिच्यावर मूल पायाने जमीन ढकलत तोल सांभाळायला शिकतं. कल्पना नवी वाटते, पण 1817 मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस याने जी पहिली दुचाकी चालवली, तिलाही पेडल नव्हतं. तोल आधी आणि इंजिन नंतर, हा क्रम मुलांसाठी आजही सर्वोत्तम आहे.

चाटली तर?

अमेरिकेत 2009 मध्ये मुलांच्या मोटरसायकली काही काळ दुकानांतून उचलाव्या लागल्या. कारण काय, तर शिसं! बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंत शिसं नको, असा कायदा खेळण्यांसाठी झाला होता. पण गाडीचे व्हॉल्व्ह आणि बॅटरीची टोकंही त्यात सापडली. मुलं व्हॉल्व्ह चाटत नाहीत, हे सरकारला पटवायला 2011 उजाडलं. तोवर पालक मुलांना मोठ्यांच्या गाडीवर बसवतील, ही भीती होतीच, आणि ती शिशापेक्षा कितीतरी खरी होती.

विजेते आणि वंचित

स्पेनच्या मार्क मार्केझला पहिली मोटरसायकल मिळाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. अमेरिकेचा कसरतपटू ट्रॅव्हिस पास्त्राना यानेही चौथ्याच वर्षी सुरुवात केली. आणि ज्यांना गाडी मिळाली नाही त्यांचं काय? 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातली मुलं मोटोक्रॉस, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यती, बघून आपल्या सायकलीच मातीत उडवू लागली. त्यातून बीएमएक्सचा जन्म झाला, आणि 2008 मध्ये तो खेळ ऑलिंपिकला पोचला.

मोटरसायकलींची अशी उडीबाजी पुणेकरांनी जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत बघितली आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग तिथूनच सुरू झाली.

आपल्या गल्लीत नाही!

आता महत्त्वाचं. सोसायटीबाहेरचा रस्ता कितीही मोकळा असला तरी तो सार्वजनिकच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे 18 च्या आत वाहन चालवता येत नाही. सोळा पूर्ण असेल तर 50 सीसीपर्यंतची सूट. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाची गाडी फक्त खाजगी, बंदिस्त मैदानावर, आणि शेजारी मोठं माणूस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालच्या मुलांनी अशी वाहनं चालवूच नयेत असं सांगते. निर्णय घेण्याआधी प्रत्येक पालकाने हे ऐकून घ्यायलाच हवं.

तरीही घ्यायचीच असेल, तर माझा कौल स्पष्ट आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅलन्स सायकल, पाच-सहाव्या वर्षी हलकी विजेची गाडी, पेट्रोलची त्यानंतर. पैसे कमी असतील तर गाडी जुनी घ्या, काही बिघडत नाही. हेल्मेट मात्र मुलाच्या डोक्याच्या मापाचं, आयएसआय शिक्क्याचं आणि नवं कोरंच घ्या. एकदा आदळलेल्या हेल्मेटचा आतला थर दबलेला असतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.