पडद्यावरचे चित्र आणि अर्ध्या वाटेवर सोडणारे कागद



मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचे एक शिक्षक माझ्याकडे आले. गावातल्या एका मुलाने, तो पुण्यास नोकरीला असतो, आपला जुना संगणक शाळेला दिला होता. यंत्र जुने म्हणून त्याने त्यावर फ्रीबीएसडी नावाची, युनिक्सच्या घराण्यातली फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली. पडद्यावर चित्रे, खिडक्या, माऊसचा बाण दिसावा एवढी सोय करायची राहिली. “कागदावर सगळे लिहिलेले आहे गुरुजी, तसे करत जा,” असे सांगून तो परत गेला.

गुरुजींनी तीन रविवार घालवले. “सर, ओळ न् ओळ टाइप केली,” ते म्हणाले, “तरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरेच. मुख्याध्यापक म्हणतात, कपाटात ठेवून द्या. घरी म्हणतात, तुमचे इंग्रजी कमी पडते.”

गुरुजींचे इंग्रजी उत्तम आहे. मी तो कागद वाचला. त्यात चूक अशी एकही नव्हती, पण तो पुरा नव्हता. आणि कोणत्या साली लिहिला तेही त्यावर नव्हते.

असे का होते, ते पाहू. आपण विहिरीवर इंजिन एका दुकानातून आणतो, पंप दुसऱ्या आणि पाइप तिसऱ्या. प्रत्येकाबरोबर आलेल्या कागदात त्या त्या वस्तूची माहिती असते, पण जोड कसा बसवायचा ते कोणाच्याच कागदात नसते. ते सांगतो फिटर. युनिक्सच्या घराण्यातला चित्रमय पडदा असाच निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या काळी केलेल्या भागांचा आहे. पडद्यावर रेघा आणि खिडक्या उमटवणारी ‘एक्स’ ही व्यवस्था अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तीच अजून चालते. त्या खिडक्या हलवणारा, लहानमोठ्या करणारा प्रोग्रॅम वेगळा. खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, फाइलींची चित्रे असा सगळा संसार मांडणारे केडीई आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉप १९९६ चे आणि नोम १९९७ चा. शिवाय सगळ्यांच्या तळाशी ग्राफिक्सच्या चिपला बोलते करणारा ड्रायव्हर. प्रत्येक मंडळाने आपापले पुस्तक प्रामाणिकपणे लिहिले आहे. फिटरचे पुस्तक मात्र कोणी लिहावे हे ठरलेले नाही. फ्रीबीएसडीचे स्वतःचे हँडबुक यातल्या त्यात पुष्कळच बरे, हे सांगितले पाहिजे. पण गुरुजींच्या हाती ते नव्हते.

त्यातून शब्दांचा घोळ. ‘सर्व्हर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या कचेरीतले मोठे यंत्र येते. एक्सच्या भाषेत सर्व्हर म्हणजे पडदा, कळफलक आणि माऊस सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे आपल्याच टेबलावरचा! जे प्रोग्रॅम त्याला ‘माझी खिडकी दाखव’ म्हणून विनवतात ते त्याचे क्लायंट, मग ते दूरच्या केवढ्याही मोठ्या यंत्रावर चालत असोत. विचार केला तर हे बरोबरच आहे. पण पुस्तक हे न सांगता पहिल्या ओळीत ‘सर्व्हर सुरू करा’ म्हणते, आणि वाचणारा नसलेले दुसरे यंत्र शोधत बसतो.

या वळणाला इतिहास आहे. युनिक्सचे पहिले मॅन्युअल केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये नोव्हेंबर १९७१ मध्ये काढले. एकेका आज्ञेला एकेक नोंद, आणि त्या आज्ञेतले दोष सांगायलाही त्यात जागा होती, हा केवढा सरळपणा! परंतु ते बरोबरीने काम करणाऱ्या जाणकारांसाठी होते. पंचांगात मुहूर्त सापडतो, लग्न कसे लावायचे ते सापडत नाही. तसेच हे.

बरे, जुन्या कागदांची आणखी एक खोड आहे. नव्वदीच्या सुमारास मॉनिटरचे वारंवारतेचे आकडे हाताने एका फाइलीत लिहावे लागत, आणि आकडा चुकला तर मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा असे. आज एक्स हे बहुतेक सारे स्वतः ओळखतो. पण ते जुने कागद अजून फिरतात. गुरुजींनी त्यातलाच एक पाहून अशी फाइल उगीच लिहून ठेवली होती. ती मी आधी बाजूला काढली. २००८ मध्ये सुरू झालेली ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था हल्ली बऱ्याच ठिकाणी एक्सच्या जागी आली आहे. तिथे यातले बरेच लागू पडत नाही.

आता आम्ही काय केले ते सांगतो. ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा दिली की ‘नो स्क्रीन्स फाउंड’ असे उत्तर येई. “पडदा तर समोर आहे!” गुरुजी वैतागून म्हणाले. समोरच्या काचेशी त्याचा संबंध नाही. चित्र काढायला चालेल असा ड्रायव्हर मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्स आपली रोजनिशी एका फाइलीत लिहून ठेवतो. फ्रीबीएसडीवर ती ‘व्हार’ मधल्या ‘लॉग’ या फोल्डरात सापडते. तिच्यात ज्या ओळीच्या आरंभी कंसात दोनदा ‘ई’ असेल ती चुकीची ओळ. बाकीचे शेकडो रकाने वाचू नयेत. त्यावरून कळले की ड्रायव्हर यंत्रात आणलेला होता, पण तो सुरू करायची ओळ ‘आरसी डॉट कॉन्फ’ या फाइलीत घातलीच नव्हती. तशी सूचना ड्रायव्हर आणताना पडद्यावर शेवटी येते आणि पुढच्या आज्ञेबरोबर वर सरकून जाते. गुरुजींचे नाव ‘व्हिडिओ’ गटातही घालावे लागले. नाहीतर ग्राफिक्सच्या चिपला हात लावायची परवानगी मिळत नाही.

पुन्हा ‘स्टार्टएक्स’. या वेळी काळ्या पार्श्वभूमीवर तीन ओबडधोबड खिडक्या आणि एक घड्याळ. गुरुजींचा चेहरा उतरला. मी मात्र खूश झालो, कारण ते घड्याळ म्हणजे एक्स चालू झाल्याची पावती! डेस्कटॉप कोणता उघडायचा हे त्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने घरातले जुने पुराणे मांडले. हे सांगायची ओळ ‘एक्सइनिटआरसी’ नावाच्या फाइलीत असते. गुरुजींनी ती लिहिली होती, अगदी बरोबर लिहिली होती. पण त्या नावाच्या आधी एक टिंब लागते. कागदावर ते टिंब होते. गुरुजींना वाटले, छपाईचा डाग. टिंबाने सुरू होणारी फाइल नेहमीच्या यादीत दिसतही नाही, तेव्हा ताडून पाहणार कसे?

टिंब घातले. एक्सएफसीई उघडला. गुरुजी काही बोलले नाहीत; खिडकी इकडून तिकडे सरकवत राहिले.

हीच फाइल ‘स्टार्टएक्स’ साठी चालते. संगणक सुरू होताच नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा पडदा बसवला, तर जुन्या ‘एक्सडीएम’ ला ‘एक्ससेशन’ नावाची दुसरी फाइल लागते, तीही टिंबासकट.

गुरुजींनी हे सारे मराठीत एका पानावर उतरवले, वर तारीख आणि प्रणालीचा आवृत्ती क्रमांक घातला, आणि ते पान यंत्राच्या कडेला चिकटवले. टिंब त्यांनी लाल शाईने काढले आहे. आवाज अजून येत नाही. त्याचा कागद वेगळा आहे. पुढच्या रविवारी तो घेऊन येतो म्हणाले आहेत.