मालाआधी पोहोचणारी पावती

समजा, भिलाईच्या एका व्यापाऱ्याने पोलादी सळया वाघिणीत भरून मुंबईकडे रवाना केल्या. गाडी वाटेत असेपर्यंत तो माल रेल्वेच्या ताब्यात असतो. व्यापाऱ्याच्या हाती उरते ती केवळ रेल्वेची पावती, बाजारच्या बोलीतील 'बिल्टी'. तरीही याच अवधीत तो माल विकता येतो किंवा पेढीकडे तारण ठेवता येतो. याचे कारण असे की, मालविक्री अधिनियम, 1930 याने रेल्वे पावतीची गणना मालाच्या हक्कपत्रांत केली आहे. व्यापारी बहुधा माल स्वतःच्याच नावे पाठवितो, पावतीच्या पाठीवर ग्राहकाच्या नावे लिहून सही करतो आणि ती त्याच्या स्वाधीन करतो. अशा रीतीने पावती हाती पडताच मालावरील मालकी पृष्ठांकितीकडे जाते, असे रेल्वे अधिनियम, 1989 सांगतो.

तारणाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादग्रस्त होता. ठाण्याहून दिल्लीजवळील ओखल्यास पाठविलेला 35,500 रुपयांचा माल पोहोचलाच नाही. त्याच्या पावत्यांवर मोरवी मर्कंटाइल बँकेने 20,000 रुपये दिले होते. मालकाने पावती गहाण टाकली म्हणजे मालच गहाण पडला काय? 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने होकारार्थी उत्तर दिले आणि बँकेस पूर्ण किमतीची भरपाई मागण्याचा अधिकार मान्य केला. हा निर्णय विरुद्ध गेला असता, तर वाटेतल्या मालावर कर्ज देण्यास कोणती पेढी धजावली असती?

परंतु बिल्टी म्हणजे नोट नव्हे. चोरीची नोट सद्भावनेने मोबदला देऊन घेणाऱ्याकडून सहसा परत मागता येत नाही. चोरलेली बिल्टी विकणारा चोर मात्र, सामान्य नियमानुसार, आपल्यापाशी नसलेला हक्क दुसऱ्यास देऊ शकत नाही.

या नियमास अपवाद आहेत, आणि त्यांची झळ विक्रेत्यालाच पोहोचते. किंमत न मिळालेल्या विक्रेत्यास, ग्राहक दिवाळखोर झाल्यास, माल वाटेतच अडविता येतो. मात्र त्याने बिल्टी स्वखुशीने ग्राहकास दिली असेल, आणि ग्राहकाने ती सद्भावनेने मोबदला देणाऱ्या तिसऱ्याला विकली असेल, तर हा अधिकार संपतो. म्हणूनच जाणता व्यापारी बिल्टी थेट ग्राहकास न पाठविता बँकेमार्फत पाठवितो: आधी पैसे, मग पावती.