दृष्टीआड सृष्टी
(घरातला राडारोडा खेपेने न्यावा की कंटेनर भाड्याने घ्यावा?)

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराची मागची बाजू पाडायला काढली, तेव्हा मला वाटले की या म्हणीला 'आणि पाहावे पाडून' असे शेपूट जोडायला हवे. बांधताना विटा, वाळू, सिमेंट कोठून आणायचे हे सांगायला दहा माणसे येतात. पाडलेले कोठे न्यायचे, हे सांगायला कोणी येत नाही.

आमचे घर पुण्यात नदीकडच्या पेठेत आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मुठेचे पाणी या घरात शिरले होते. पाणी ओसरल्यावर आजोबांनी मागच्या भिंतीतील एका दगडावर छिन्नीने आडवी रेघ ओढली आणि खाली '१२-७-६१' असे कोरले. पुढे त्या भिंतीला कपाट लागले, चुन्याचे हात चढले आणि रेघ दिसेनाशी झाली. भिंत पडली त्या दिवशी आजीने विचारले, "यांचा तो दगड बाजूला काढलात ना?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. तोवर तीन खेपा गेल्या होत्या.

या दगडाची गोष्ट पुढे येईलच. आधी मुख्य प्रश्नाकडे वळू. घर पाडले, दुरुस्त केले किंवा वर्षानुवर्षांची अडगळ उपसली, की जो ढीग दारात उभा राहतो, त्याची वाट लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे टेंपो किंवा ट्रॅक्टर बोलवायचा, तो भरून द्यायचा आणि खेपेला ठरलेले पैसे मोजायचे. दुसरा म्हणजे लोखंडी कंटेनर काही दिवसांच्या भाड्याने दाराशी आणून ठेवायचा, आपल्या सवडीने भरायचा आणि भरल्यावर तो उचलून न्यायला सांगायचा. आपल्याकडे पहिला मार्ग सर्रास चालतो. दुसरा काही मोठ्या शहरांतच आणि तोही थोड्या कंत्राटदारांकडे मिळतो. यांतला कोणता केव्हा बरा, याचा उलगडा करण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

प्रथम मोजमाप

बहुतेक माणसे येथेच फसतात. बांधकामाच्या धंद्यात वाळू, खडी, राडारोडा हे सारे ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आता दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड अशी विटांची एक भिंत घ्या. तिचे घनफळ ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. पण उभी भिंत आणि पाडलेली भिंत यांत फरक असतो. पाडल्यावर विटांच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि ढीग सुमारे दीडपट फुगतो. पाऊण ब्रासची भिंत अशी एक ब्रासच्या वर जाते. वजन मात्र फुगत नाही. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो धरले, तर ही एकच भिंत चार टनांच्या घरात जाते.

ज्याला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो, तो टेंपो सुमारे पाऊण टन भार नेण्यासाठी बनवलेला असतो. म्हणजे एका भिंतीला सहा खेपा. 'दोन खेपांत काम होईल' असे सांगणारा एक तर भोळा असतो किंवा टेंपोच्या पाट्यांवर माल चढवून ब्रेकच्या भरवशावर रस्त्याने जाणारा असतो.

खर्चाचे गणित

आम्ही वर्गात स्थिर खर्च आणि बदलता खर्च पाठ करतो. त्यांची याहून चांगली उदाहरणे मला अद्याप सापडलेली नाहीत. टेंपोचा खर्च बदलता आहे. जितक्या खेपा, तितके पैसे. कंटेनरचा खर्च बराचसा स्थिर आहे. तो अर्धा भरा की काठोकाठ भरा, आणणे, ठेवणे आणि उचलून नेणे यांचे पैसे तेच.

आमच्याकडे एका टेंपोवाल्याने खेपेला १,५०० रुपये सांगितले होते. समजा, कंटेनर आठवड्याला ७,५०० रुपयांना मिळाला (हा आकडा केवळ उदाहरणादाखल), तर पाच खेपांना दोन्ही मार्ग सारखेच पडतात. त्याखाली टेंपो स्वस्त, सहाव्या खेपेपासून कंटेनर स्वस्त. भाव गावोगाव बदलतील, पण रीत हीच राहील. कंटेनरचे भाडे भागिले एका खेपेचे पैसे, आणि येणाऱ्या आकड्याची तुलना आपल्याला लागणाऱ्या खेपांशी करायची.

यात मजुरीचा कलम विसरू नये. टेंपोबरोबर बहुधा दोन माणसे येतात आणि घमेली भरून देतात. कंटेनर मुकाट्याने उभा राहतो. त्यात भरणारे हात आपणच शोधायचे. माल दुसऱ्या मजल्यावरचा असेल, तर हा फरक मोठा आहे.

वेळ आणि जागा

खेपेच्या व्यवहारात घाई अटळ असते. टेंपो दारात उभा, मागे दुचाकींचे भोंगे, ड्रायव्हर घड्याळ पाहतो आहे. अशा वेळी जे हाताला लागेल ते गाडीत जाते. आमचा दगड असाच गेला. कंटेनर पाच-सात दिवस उभा असला, की माणूस निवड करू शकतो. मंगलोरी कौले शाबूत असतील तर ती घेणारे भेटतात. सागवानी तुळया वखारवाला नेतो. लोखंड, पितळ, तारा भंगारवाल्याकडे जातात, वह्या-पुस्तके रद्दीत. एवढे बाजूला काढल्यावर कित्येकदा ढीगच निम्म्यावर येतो आणि मग कंटेनरची गरजही उरत नाही! म्हणून निवड आधी आणि वाहन मागाहून, हा क्रम दोन्ही मार्गांना लागू आहे.

कंटेनरची अडचण जागेची आहे. पेठेतल्या बोळात तो आणणारी गाडीच वळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर ठेवायचा तर महापालिकेची परवानगी आधी विचारून घ्यावी लागते. माझी आत्या इंग्लंडमध्ये राहते. तिकडे या कंटेनरला 'स्किप' म्हणतात. १९८० च्या तेथील महामार्ग कायद्यानुसार तो परवानगीवाचून रस्त्यावर ठेवता येत नाही आणि रात्री त्यावर दिवे लावावे लागतात. सहा घनयार्डांचा स्किप तेथे नेहमीचा. आपल्या हिशेबात तो १६२ घनफूट, म्हणजे दीड ब्रासहून थोडा मोठा. आत्या सांगते, "रात्री रिकामा ठेवला, की सकाळी शेजाऱ्यांच्या गाद्यांनी भरलेला सापडतो." मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच!

पेटीचा मोह

कंटेनरचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. पेटी दिसली की माणूस तीत सगळेच टाकतो. याचा विचार पॅरिसमध्ये फार पूर्वी झाला होता. युजेन पूबेल नावाच्या तेथील प्रशासकाने १८८४ पासून घरमालकांना कचऱ्याच्या पेट्या ठेवायला लावल्या, आणि त्याही तीन: एक कुजणाऱ्या कचऱ्यासाठी, एक कागद-चिंध्यांसाठी आणि एक काचा, भांडी व शिंपल्यांसाठी. लोकांनी पेटीलाच त्याचे नाव दिले. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात. पण चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांनी तेव्हा मोठी ओरड केली, कारण रस्त्यावरच्या ढिगावर त्यांची भाकर होती.

ही ओरड पुण्याला परकी नाही. १९९३ साली येथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून तिच्या सभासदांनी महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा घर पाडताना रोजचा ओला-सुका कचरा राडारोड्याच्या कंटेनरमध्ये लोटू नये. ओल्या कचऱ्याने भरलेला राडारोडा कोणाच्याच कामाचा राहत नाही, आणि कोणाच्या तरी हक्काचा सुका माल मातीत जातो.

शेवटचा मुक्काम

आता दगडाची गोष्ट. आमच्याकडे दोन टेंपोवाले आले होते. १,५०० सांगणारा म्हणाला, "महापालिकेच्या जागेवर नेतो, पावती देतो." दुसरा म्हणाला, "१,२००. पावती नाही." बाबांनी दुसऱ्याला बोलावले. सहा खेपांत १,८०० रुपये वाचले. माल कोठे नेणार, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. मीही नाही, आणि मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी!

डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मुठेच्या काठी होते. काठाच्या उतारावर राडाराड्याचे ढीग पात्रापर्यंत घसरले होते. आम्ही प्लॅस्टिक वेचत होतो. एका ढिगात मला आमच्या न्हाणीघराच्या हिरव्या फरशीचे तुकडे दिसले. हिरव्या फरशा काय, कितीतरी घरांत असतात. पण थोडे खाली, चिखलात अर्धा रुतलेला एक दगड होता. त्यावर आडवी रेघ होती आणि रेघेखाली '१२-७-६१'.

पूर कोठवर आला होता, हे सांगणारा दगड आम्ही नदीच्या पात्रात नेऊन टाकला होता. पात्रात पडलेली प्रत्येक खेप पाण्याची तेवढी जागा खाते, आणि ती जागा पाणी पुढे कोणाच्या तरी घरात शोधते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांत मुठेचे पाणी शिरले, ते चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या पुराचे खापर एकट्या राडारोड्यावर फोडणे बरोबर होणार नाही. धरणातून सोडलेले पाणी होते, पाऊस होता. पण आमच्या सहा खेपा नदीच्या बाजूने नव्हत्या, एवढे खरे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात हाच विषय मांडला आहे. व्यवहार करणाऱ्या दोघांना पडणारा खर्च वेगळा आणि समाजाला पडणारा खर्च वेगळा. आमच्या व्यवहारात १,२०० हा खाजगी खर्च होता. उरलेले ३०० वाचले नव्हते, ते नदीकाठच्या कोणाच्या तरी खात्यावर मांडले गेले होते.

यावर उपाय नाही असे नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने कचरा हाताळणाऱ्यांवर दक्षतेचे कर्तव्य घातले, आणि पुढे घरमालकालाही आपला कचरा अधिकृत माणसाच्याच हाती देण्यास बांधून घेतले. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारने बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. त्यांत काँक्रीट, माती वगैरे वेगवेगळे ठेवण्याची पहिली जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली होती. शिवाय हा माल टाकाऊ नाही. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली राडारोडा दळून त्यापासून फरसबंदीचे ठोकळे बनवणारा प्रकल्प उभा राहिला. काँक्रीटच्या खडीविषयीच्या भारतीय मानकानेही २०१६ पासून जुन्या काँक्रीटची खडी ठराविक प्रमाणात वापरायला मान्यता दिली. पण त्यासाठी माल तेथवर पोहोचायला हवा, आणि न मिसळता पोहोचायला हवा.

तात्पर्य

थोडक्यात सांगायचे तर, ढीग लहान असेल, गल्ली अरुंद असेल, माल वरच्या मजल्यावर असेल आणि काम एका दिवसाचे असेल, तर खेप बरी. ढीग पाच-सहा खेपांच्या वर असेल, अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात जागा असेल आणि काम आठवडाभर चालणार असेल, तर कंटेनर बरा. मात्र दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: "हे नेमके कोठे रिकामे करणार, आणि पावती देणार का?" उत्तर मिळत नसेल, तर भाव कितीही कमी असो, तो स्वस्त नाही.

पुढच्या मे महिन्यात घराची पुढची बाजू निघणार आहे. बोळात कंटेनर शिरणार नाही, त्यामुळे टेंपोच येईल. बाबांनी १,५०० वाल्याचा नंबर लिहून ठेवला आहे. दगड मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणला. रिक्षावाल्याने वजनाचे वीस रुपये जादा घेतले. आजीने तो घासून धुतला, रेघेवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाली, "आता नव्या भिंतीत तेवढ्याच उंचीवर बसवा."