तलंगांचं नवं घर
इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी पाळली तरी नोंदणी लागते. ती झाली, सोळा-अठरा आठवड्यांच्या तलंगा आल्या, की मुलांना त्या लगेच हिरवळीवर सोडायच्या असतात. सोडू नका. दोन-तीन दिवस खुराडं आणि त्याला जोडलेलं जाळीचं अंगण, एवढंच पुरे. झोपायची जागा अंगवळणी पडली की तिन्हीसांजेला त्या आपणहून आत शिरतात. पहिल्या रात्री एखादी कोपऱ्यात अंग चोरून बसते. तिला अलगद उचलून दांडीवर ठेवा, दार लावा. कोल्हा इथे शहरातही फिरतो. दांडी अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर खोक्यातच झोपून घाण करतात.

आजी पोळीचा तुकडा घेऊन निघतीलच! पण घरातलं उष्टं-उरलेलं कोंबड्यांना घालायला इथे कायद्याने बंदी आहे. कोबीचं पान चालेल, मात्र स्वयंपाकघरात न नेता थेट वाफ्यातून.