पेशींचे गोलक
सपाट बशीत वाढवलेल्या पेशी तळाला चिकटून एकपदरी पसरतात, त्यामुळे शरीरातील गाठीत त्या जशा वागतात, तशा तेथे वागत नाहीत. ही उणीव ओळखून कॅनडातील रॉबर्ट सदरलँड व सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास हॅमस्टरच्या पेशी ढवळत्या द्रवात वाढवून त्यांचे गोलक, म्हणजेच स्फेरॉइड, तयार केले. आता तळाला अ‍ॅगारोजचा लेप देतात, किंवा झाकणाच्या आतून पेशीयुक्त थेंब उलटा टांगतात, आणि आधार न मिळालेल्या पेशी कॅडहेरिन या प्रथिनाच्या साहाय्याने एकमेकींना बिलगतात. ऑक्सिजन साधारणतः २०० मायक्रोमीटरपर्यंतच झिरपत असल्याने अर्ध्या मिलिमीटरच्या गोलकात बाहेर विभाजन पावणाऱ्या, मध्ये सुस्तावलेल्या आणि गाभ्यात मृत पेशी असे थर पडतात. कर्करोगाच्या गाठीतही हेच घडते. म्हणूनच कर्करोगावरील औषध गोलकांवर पारखल्याशिवाय पुढे नेणे घाईचे ठरते.