हट्टी टॅब्लेट आणि बिनतारी जाळें

घरांतील एखादें वडील माणूस न बोलतां रुसून बसलें म्हणजे साऱ्या घराची जी स्थिति होते, तीच गेल्या श्रावणांत पांच दिवस आमच्या घराची झाली होती. मात्र रुसलें होतें तें माणूस नव्हे. आमच्या वहिनींचा टॅब्लेट रुसला होता. घरांतील चौदा माणसांचे फोन बिनतारी जाळ्याशीं सुरळीत बोलत होते, आणि पाटीएवढा हा एकटा पडदा तोंड फिरवून बसला होता. त्याला बोलता करण्याच्या खटाटोपांत आम्हांस जें कळलें, तें आमच्यासारख्या इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटून हा लेख लिहीत आहों.

वहिनींचें वय ८२. त्यांचे धाकटे चिरंजीव टोरांटोला असतात. रोज रात्रीं नऊ वाजतां वहिनी टॅब्लेट समोर ठेवून बसतात. त्या वेळीं तिकडे सकाळचे साडेअकरा झालेले असतात. घरांत फोन पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्या चिमुकल्या पडद्यावर वहिनींच्या डोळ्यांना नातवंडांचे चेहरे ओळखूं येत नाहींत. त्यामुळें टॅब्लेट बंद म्हणजे भेट बंद, असा हिशेब होता.

दुसरी गोष्ट याहून नाजूक होती. आमचे वडील बंधु अण्णा तीन वर्षांपूर्वीं वारले. शेवटच्या वर्षांत रोज सायंकाळीं ते केकावली म्हणत, आणि वहिनी हळूच टॅब्लेट शेजारीं ठेवून त्यांचा आवाज उतरून घेत. हें सारें ध्वनिमुद्रण त्या एकाच टॅब्लेटवर होतें. त्याची दुसरी प्रत करावी असें सर्वांच्या मनांत असे. परंतु ‘उद्यां करूं, परवां करूं’ म्हणतां म्हणतां तीन वर्षें गेलीं.

अशा वेळीं बाजारांतील एका दुकानदारानें टॅब्लेट पांच मिनिटें हातांत धरून निकाल दिला कीं, सगळें पुसून तो नव्यासारखा करावा लागेल. वहिनींनीं तें ऐकून घेतलें आणि शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, त्यांचा आवाज जायचा असेल, तर मला नको ते पडद्यावरचं बोलणं. मी आपली फोनवर मुलांचा आवाज ऐकून राहीन.” यावर आम्हीं टॅब्लेट दुकानांतून उचलून घरीं आणला.

प्रथम आम्हीं एक गोष्ट केली, व वाचकांनींहि प्रथम तीच करावी. टॅब्लेट तारेनें संगणकास जोडून अण्णांचें सर्व मुद्रण व घरचीं सर्व छायाचित्रें संगणकावर उतरून घेतलीं. याला इंटरनेट लागत नाहीं. तार असली व पडद्याचें कुलूप उघडतां आलें म्हणजे पुरे. उतरलेल्यांपैकीं एक मुद्रण लावून पाहिलें. माजघरांत अण्णांचा आवाज उमटला आणि स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबला. मूळ धन असें सुरक्षित झाल्यावर मगच आम्ही चिकित्सेकडे वळलों.

तीन पायऱ्या

बिनतारी जाळ्याशीं संबंध जुळण्यास तीन पायऱ्या चढाव्या लागतात: लहर, परवली आणि पत्ता.

पहिली पायरी लहरीची. घरांतील राउटर, म्हणजे या जाळ्याचा कारभारी, दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक सेकंदाला सुमारें २४० कोटी आंदोलनांची, जिला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. दुसरी ५०० कोटींच्या वरची, म्हणजे ५ गिगाहर्ट्झची. पहिलीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहाच्या आंतबाहेर. पहिली भिंतींतून बरी पार होते व लांबवर पोंचते, परंतु वेगानें कमी; दुसरी वेगवान, पण दोन भिंतींतच दमते. वाईच्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती दोन हात जाड असल्यामुळें हा भेद आम्हांस रोज अनुभवास येतो. लोखंडी कपाट व पाण्याची टाकी या लहरींच्या वाटेंत फार वाईट. आणि मायक्रोवेव्ह शेगडी पहिल्याच लहरीच्या शेजारीं काम करीत असल्यानें ती चालू असतां व्यत्यय येतो. कांहीं जुन्या टॅब्लेटांस दुसरी लहर मुळींच दिसत नाहीं. जाळ्याचें नांवच पडद्यावर दिसत नसेल किंवा दिसून दिसून नाहींसें होत असेल, तर दोष या पायरीवर आहे असें समजावें, आणि टॅब्लेट राउटरच्या खोलींत नेऊन पाहावा.

दुसरी पायरी परवलीच्या शब्दाची. हा शब्द निदान आठ अक्षरांचा असतो, आणि त्यांत इंग्रजी मोठें अक्षर व लहान अक्षर हीं निराळीं धरलीं जातात. शून्य आणि ‘ओ’ यांची गफलत तर नेहमींची. टॅब्लेट पुनःपुन्हां परवली विचारीत असेल तर ती दाखवून टंकावी. ठिपक्यांवर विश्वासूं नये. येथें आणखी एक खोंच आहे. परवली झांकून नेण्याच्या रीतीचे डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ असे प्रकार आहेत. पहिला २००४ सालचा, दुसरा २०१८ चा. नवा राउटर केवळ तिसऱ्या प्रकारावर ठेवला असेल, तर जुन्या टॅब्लेटला ती भाषाच समजत नाहीं, आणि परवली बरोबर असूनहि दार उघडत नाहीं. राउटरच्या सेटिंग्जमध्यें दोन्ही प्रकार चालूं द्यावे, म्हणजे हा तंटा मिटतो.

तिसरी पायरी पत्त्याची. जाळ्यांत आलेल्या प्रत्येक यंत्रास राउटर एक अंकी पत्ता देतो. १९२.१६८ या अंकांनीं सुरू होणारे पत्ते घरगुती जाळ्यांसाठीं राखून ठेवलेले आहेत. बहुतेक घरांत अशा पत्त्याचे पहिले तीन भाग म्हणजे आळी व शेवटचा भाग म्हणजे घरक्रमांक असें समजण्यास हरकत नाहीं. १९२.१६८.१.५० या पत्त्याचा अर्थ, ‘१९२.१६८.१’ या आळींतील पन्नासावें घर. हे पत्ते राउटरनें आपण होऊन वांटण्याच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ सालापासून आहे. पत्ता चुकला तर टॅब्लेट जाळ्यांत शिरतो खरा, पण जगाकडे जाणारी वाट त्याला सांपडत नाहीं. मग पडद्यावर ‘जोडलेलें आहे, पण इंटरनेट नाहीं’ असें वाक्य येतें. आमच्या टॅब्लेटवर नेमकें हेंच वाक्य पांच दिवस झळकत होतें.

अन्वय आणि व्यतिरेक

या वाक्यावरून एवढें ठरलें कीं, पहिल्या दोन पायऱ्या ठीक आहेत. दोष तिसरीवर असेल, किंवा राउटरच्या पलीकडे कंपनीच्या तारेंत असेल. येथें आमची जुनी न्यायशास्त्राची शिदोरी कामास आली. कारण शोधावयाचें तर दोन प्रश्न विचारावे: अमुक असतां तमुक असतें काय, हा अन्वय, आणि अमुक नसतां तमुक नसतें काय, हा व्यतिरेक. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व जशाच्या तशा ठेवावयाच्या.

प्रथम त्याच खोलींत, त्याच जाळ्यावर, नातवाचा फोन लावून पाहिला. तो चालला. म्हणजे तार व राउटर निर्दोष. तोंपर्यंत घरांतील मंडळी कंपनीस तीन वेळां फोन करून मोकळी झाली होती. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा तो प्रकार. मग पुतण्याच्या फोनचें जाळें चालू करून, म्हणजे ज्याला हॉटस्पॉट म्हणतात तें करून, टॅब्लेट त्यास जोडला. तेथें टॅब्लेट तत्काळ चालूं लागला! म्हणजे टॅब्लेटहि निर्दोष.

दोन्ही पक्ष स्वतंत्रपणें निर्दोष, आणि एकत्र आले कीं भांडण. तेव्हां दोष दोघांच्या संबंधांत, म्हणजे घरच्या जाळ्याच्या नांवापुढें टॅब्लेटनें जी टिपण करून ठेवली आहे तींत असला पाहिजे. जाळ्याच्या नांवाशेजारीं दांतेरी चक्राची खूण असते. ती दाबून आंतील आयपी सेटिंग्ज पाहिल्या. तेथें डीएचसीपी नव्हतें. ‘स्टॅटिक’ होतें, म्हणजे हातानें लिहिलेला कायमचा पत्ता: १९२.१६८.१.५०, आणि बाहेर जाण्याचा दरवाजा १९२.१६८.१.१. नातवाच्या फोनवर हाच दरवाजा १९२.१६८.०.१ असा होता. तिसऱ्या भागांत एकाच्या जागीं शून्य! टॅब्लेट मोडलेल्या आळींतील दरवाजा पांच दिवस ठोठावीत होता.

आतां सर्व उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वीं घरांतील दोन यंत्रांस एकच पत्ता मिळून तंटा झाला होता. तेव्हां पुतण्यानें टॅब्लेटला कायमचा पत्ता लिहून दिला आणि तंटा मिटला. पुढें या श्रावणांत जुना राउटर जळाला व नवा आला. नव्याची आळी निराळी होती. परंतु कोणास पुन्हां परवली घालावी लागूं नये म्हणून नातवानें मोठ्या समजूतदारपणें नव्यास जुनेंच नांव व जुनीच परवली दिली. बाकीचे फोन नव्या कारभाऱ्याकडून नवे पत्ते घेऊन मोकळे झाले. टॅब्लेटनें मात्र ओळखीचें नांव पाहून जुनी टिपण काढली.

व्याकरण शिकलेल्या वाचकांस हें चटकन् समजेल. सर्वांस लागू होणारा नियम तो उत्सर्ग, आणि विशिष्ट ठिकाणीं त्याला बाजूस सारणारा तो अपवाद. जेथें अपवाद लागतो तेथें उत्सर्गाचें कांहीं चालत नाहीं. राउटरनें पत्ते वांटणें हा उत्सर्ग. हातानें लिहिलेला पत्ता हा अपवाद. जोंवर अपवाद उभा आहे तोंवर राउटर कितीहि वेळां बंदचालू केला तरी व्यर्थ. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. परवली कागदावर लिहिलेली आहे अशी खात्री करून आम्हीं जाळ्याच्या नांवावर ‘विसरा’ हें बटण दाबलें, म्हणजे टॅब्लेटनें जुनी टिपण टाकून दिली. मग नांव पुन्हां निवडून परवली घातली. टॅब्लेटनें नवा पत्ता घेतला.

आणखी कांहीं कारणें

प्रत्येक घरांतील दोष हाच असेल असें नाहीं. टॅब्लेट पुष्कळ दिवस निर्जीव पडला असेल तर त्याची तारीख चुकलेली असते. इंटरनेटवरील स्थळांचीं प्रमाणपत्रें ठराविक मुदतीचीं असल्यामुळें चुकीच्या तारखेस तीं खोटीं ठरतात. तारीख सुधारावी. जुनी प्रॉक्सी, व्हीपीएन किंवा खासगी डीएनएस कोणी घालून ठेवलें असल्यास तें काढून पाहावें. आणखी एक नवें कारण असें: अँड्रॉइड १० (२०१९) व आयपॅडओएस १४ (२०२०) यांपासून टॅब्लेट प्रत्येक जाळ्यास आपला खरा यंत्रक्रमांक न देतां बनावट क्रमांक देतो. राउटरमध्यें ठराविक क्रमांकांसच प्रवेश ठेवला असेल तर बिचारा दारावरच अडतो. अशा वेळीं घरच्या जाळ्यापुरता खरा क्रमांक देण्याची सोय टॅब्लेटमध्येंच असते.

उपायांचा क्रमहि लक्षांत ठेवावा. प्रथम टॅब्लेट व राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानें चालू करावे. मग जाळें विसरून पुन्हां जोडावें. त्यानेंहि न भागल्यास टॅब्लेटमधील केवळ नेटवर्कच्या सेटिंग्ज मूळपदावर आणाव्या. यांत साठविलेल्या सर्व परवल्या व ब्ल्यूटूथच्या जोडण्या जातात, छायाचित्रें जात नाहींत. सर्व पुसून टाकणें हा अगदीं शेवटचा उपाय, आणि तोहि दुसरी प्रत हातीं असल्यावरच. दुकानदाराच्या उपायानें आमचा टॅब्लेट सुरू झाला असता, यांत शंका नाहीं. पुसण्यांत ती जुनी टिपणहि पुसली गेली असती. परंतु त्यासाठीं आम्हीं काय मोजलें असतें, हें त्याला ठाऊक नव्हतें. रोगापेक्षां औषध भयंकर, तें असें.

आतां आमच्या घरीं राउटरच्या शेजारीं खिळ्याला एक वही टांगलेली आहे. घरांतील कोणीहि कोणत्याहि यंत्रांत कांहीं बदल केला कीं, दिनांक, बदल व कारण तींत लिहावयाचें. ज्यानें अपवाद केला त्यानें तो नोंदवावा, एवढाच नियम. पहिली ओळ पुतण्यानें लिहिली, दोन वर्षें उशिरां.

त्या रात्रीं नऊ वाजतां टोरांटोची मंडळी पडद्यावर आलीं. पांच दिवसांचें बोलणें सांचलेलें होतें. तें संपल्यावर वहिनींनीं संगणकावर उतरलेलें मुद्रण मुलाकडे पाठविण्यास आम्हांस सांगितलें. आतां अण्णांचा आवाज दोन देशांत, तीन ठिकाणीं सुरक्षित आहे.